युद्धकाळातली गिनती

७ मे २०२५ची सकाळ. पहलगामच्या हल्ल्याला पंधरा दिवस झाले होते आणि ऑपरेशन सिंदूरची बातमी घेऊनच घर जागं झालं होतं. चहा उकळेपर्यंत माझ्या फोनवर सव्वीस मेसेज. त्यातल्या एका ग्रुपवर आलेला व्हिडिओ मी उचलला आणि स्टेटसला ठेवला. काळोखात एकामागून एक क्षेपणास्त्रं सुटतायत, लांब कुठेतरी उजेडाचे गोळे फुटतायत आणि मागे ढोलताशा. वर मी दोनच शब्द लिहिले: 'घुसून मारलं.' खाली तिरंगा.

मी भिंगारची. नगर शहराला (आता अहिल्यानगर) चिकटून असलेली ही छावणी. रणगाड्यांचं प्रशिक्षण देणारं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आमच्या भागात, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्रही इथेच. आमच्याकडे लष्कर म्हणजे दूध घालायचं घर, शिलाईचं गिऱ्हाईक, भाडेकरू, वर्गातला बदली होऊन गेलेला मित्र. के. के. रेंजवर सराव चालू असला की लांबून धमधम ऐकू येते आणि आई म्हणते, "आज फायरिंग आहे वाटतं," आणि भाजी निवडत राहते.

त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. त्यांचा मुलगा रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये. कुठे आहे हे आम्ही विचारत नाही, त्या सांगत नाहीत. चार दिवस त्याचा फोन नव्हता. विरजणाची वाटी हातात घेऊन त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या व्हिडिओतलं ठिकाण कुठलं गं? मी सात-आठ वेळा बघितला. त्यात डोंगर काही दिसत नाहीत. म्हणजे राजस्थानकडचं असेल का?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवसांनी एका मित्राने सांगितलं की तो व्हिडिओ कॉम्प्युटर गेममधला आहे. 'आर्मा ३' नावाच्या गेममधली दृश्यं त्या आठवड्यात खऱ्या लढाईची म्हणून सर्रास फिरत होती. मी स्टेटस काढायला गेले तर ते चोवीस तासांनी आपोआप गेलेलं होतं. चूक मागे घ्यायची म्हटलं तरी हातात काही उरलं नव्हतं.

हा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे. आपण कवितेची, सिनेमाची, कादंबरीची समीक्षा करतो. पण गेल्या काही वर्षांत मराठी माणसाने सर्वांत जास्त जे लिहिलं आणि वाचलं, तो प्रकार म्हणजे स्टेटस. युद्धाच्या दिवसांत तर हाच आपला मुख्य साहित्यप्रकार असतो. मग तो नीट वाचून पाहायला काय हरकत आहे?

कर्ता कोण, कर्म कोण

शाळेत व्याकरणाच्या तासाला भावे प्रयोगाचं ठरलेलं उदाहरण असायचं: रामाने रावणाला मारले. मारणारा कोण ते कळतं, मेलेला कोण तेही कळतं. 'घुसून मारलं' या वाक्यात दोघेही नाहीत. कोणी मारलं? कोणाला? मराठीत कर्ता न सांगता वाक्य पूर्ण होतं ही भाषेची सोय आहे. पण इथे त्या मोकळ्या जागेत वाचणारा स्वतःच जाऊन बसतो. ज्याने मारलं तो कुठल्याशा तळावर घामाने निथळत उभा असेल. मारण्याचं श्रेय मात्र भिंगारमध्ये चहा पिणाऱ्या मला मिळतं. समोरच्या बाजूला मेलेला कोण, अतिरेकी की त्याच्या शेजारच्या घरातलं पोर, हा प्रश्नही वाक्यात उमटत नाही, कारण कर्माची जागाच ठेवलेली नाही.

दुसरं लक्षण म्हणजे संगीत. माझ्या व्हिडिओला ढोलताशा होता, इतरांच्या व्हिडिओंना सिनेमातली गाणी होती. 'उरी' सिनेमा जानेवारी २०१९मध्ये आला आणि त्यातला 'जोश'बद्दलचा प्रश्न महिन्याभरात मंत्र्यांच्या भाषणांपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे पोचला. संगीत लागलं की प्रसंगाचा शेवट आधीच ठरतो. आपण बातमी ऐकत नाही, क्लायमॅक्स पाहतो.

तिसरं लक्षण सगळ्यांत महत्त्वाचं. स्टेटसखाली डोळ्याची खूण असते आणि कोणी कोणी पाहिलं त्याची यादी असते. आम्ही स्टेटस लिहितो ते ती यादी डोळ्यांपुढे ठेवून. फौजेत सकाळ-संध्याकाळ गिनती होते. रांगेत उभं राहून आपण हजर आहोत हे सांगायचं. मला वाटतं युद्धातलं स्टेटस ही आपली नागरी गिनती आहे. 'मी तुमच्यातलीच आहे, मी हजर आहे' एवढंच त्यात असतं. त्याच्या मागे खरा संतापही असतो, हे नाकारायचं कारण नाही. पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा आपल्या राज्यातली होती, डोंबिवली, पुणे, पनवेलची. त्या दुःखात हजर राहावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण हजेरी म्हणजे मत नव्हे. हजेरीपट पाहून वर्गातल्या मुलांना काय वाटतं हे सांगता येत नाही. आपण मात्र स्टेटसांवरून 'लोकभावना' मोजतो आणि चॅनेलवाले ती मोजून पुन्हा आपल्यालाच विकतात. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याचं सांगून टाकलं. तसं काही झालं नव्हतं. पण त्या रात्री तसं ऐकायला आपण सगळे तयार बसलो होतो.

नाशिकची बातमी, जिला स्टेटस मिळालं नाही

या प्रकाराची मर्यादा मला सगळ्यांत स्पष्ट दिसते ती २०१९च्या एका प्रसंगात. २७ फेब्रुवारीची सकाळ, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशीची. सीमेवर दोन्हीकडची विमानं आकाशात होती. त्याच सुमारास काश्मीरमध्ये बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक स्थानिक माणूस गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते.

त्यांच्या अंत्यसंस्काराच्या सुमारास त्यांच्या पत्नीने पत्रकारांसमोर जे सांगितलं, ते तेव्हा बऱ्याच ठिकाणी छापून आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: आम्हाला युद्ध नको आहे, युद्धाने काय जातं ते तुम्हाला ठाऊक नाही, सोशल मीडियावर लढणाऱ्यांनी आता थांबावं, इतकाच जोश असेल तर स्वतः सैन्यात भरती व्हावं. 'जोश' हा शब्द त्यांनी जाणून वापरला असावा. महिनाभर ज्या शब्दाने सगळा देश हातवारे करत होता, तो शब्द एका बाईने चितेच्या काठावरून आपल्याला परत केला.

पुढे काय झालं ते याहून विचार करायला लावणारं आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी जाहीरपणे मान्य केलं की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं होतं आणि ती आपली मोठी चूक होती. सात महिने गेले होते. मधे लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती.

ही बातमी आली त्या दिवशी कोणी स्टेटस ठेवल्याचं मला आठवत नाही. मीही ठेवलं नाही. ठेवणार तरी काय? 'घुसून मारलं' या साच्यात ती बसतच नाही. लढाईत शौर्य असतं, तसा गोंधळ असतो, चुकीचा सिग्नल असतो, न आलेला फोन असतो, सात महिन्यांनी कळणारी खरी गोष्ट असते. चोवीस तास जगणाऱ्या प्रकारात सात महिन्यांनी येणाऱ्या सत्याला जागा नाही. मी या भाषेत खोट काढते ती एवढ्यासाठी: लढाईचा फार मोठा भाग तिला सांगताच येत नाही.

पोवाडा तरी वेगळा होता का?

इथे कोणी म्हणेल, मराठी कधी हळू आवाजात लढली? आपल्याकडे पोवाडा आहे. १९६२मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेल्याची भाषा घरोघरी झाली होती. तीही घोषणाच की.

आक्षेप बरोबर आहे. म्हणून एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अण्णा भाऊ साठ्यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. वाटेगावात जन्मलेला, शाळेत जेमतेम गेलेला, मुंबईत गिरणी कामगारांत वावरणारा शाहीर हजारो मैलांवरच्या रशियन शहराची लढाई मराठीत गातो, ही घटनाच विलक्षण आहे. तो पोवाडाही एका बाजूचाच होता. पोवाड्याला नायक लागतो. स्टालिनच्या राजवटीने आपल्याच माणसांचा जो छळ केला, तो त्या गौरवात मावणारा नव्हता.

पण तो काळ आठवा. ऑगस्ट १९४२नंतर नेहरूंसह काँग्रेसचे नेते आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. देश 'चले जाव'ने पेटला होता आणि कम्युनिस्ट मात्र हे लोकयुद्ध आहे, फॅसिस्टांना हरवलं पाहिजे, असं सांगत होते. ती भूमिका बरोबर होती की चूक, यावर अजून भांडण चालू आहे. एवढं नक्की की ती सोपी भूमिका नव्हती. शाहीर डफ घेऊन माणसांसमोर उभा राहायचा. त्याला तोंड होतं, नाव होतं, समोरून प्रश्न येऊ शकत होता. आपल्या बोलण्याची किंमत त्याला त्याच जागी मोजावी लागत होती.

आणि मराठीत याच्या अगदी उलट टोकाचं पुस्तकही आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ची. नावात रणांगण आहे, पण कथा घडते युरोपहून निघालेल्या बोटीवर. चक्रधर हा मराठी तरुण आणि हेर्टा ही जर्मनीतून हाकललेली ज्यू तरुणी. द्वेष आधी माणसांच्या बोलण्यात, नजरेत, पासपोर्टवरच्या शिक्क्यात कसा शिरतो आणि तोफा मागाहून कशा येतात, हे इतक्या थोड्या पानांत मराठीत दुसरं कोणी सांगितलेलं मी वाचलेलं नाही. मोबाईलवर दोन संध्याकाळी लागतील. वाचली नसेल तर वाचा.

कोरा कागद

आता अण्णा भाऊंच्या रशियाकडे पुन्हा बघू, पण आजच्या. तिथल्या युद्धभाषेचं आजचं रूप पाहिलं की हजेरी आणि मत यांतला फरक लख्ख दिसतो.

फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर चढाई झाली आणि पहिल्या काही दिवसांतच तिथे कायदा आला. लष्कराविषयी 'खोटी माहिती' पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास. युद्धाला युद्ध म्हणण्याची सोय उरली नाही. 'विशेष लष्करी कारवाई' म्हणायचं. गाड्यांवर, शाळांच्या खिडक्यांवर रोमन लिपीतलं 'झेड' अक्षर आलं. टेलिग्रामवर युद्धसमर्थक ब्लॉगरांचे लाखो वाचक तयार झाले. आणि त्याच दिवसांत काही जण चौकात कोरा कागद घेऊन उभे राहिले. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पोलिसांनी त्यांनाही उचललं. गिनतीला हजर न राहणं हाच गुन्हा ठरला की कोरा कागदही वाचला जातो.

सेंट पीटर्सबर्गच्या साशा स्कोचिलेंको या कलावतीने ३१ मार्च २०२२ला एका सुपरमार्केटमध्ये वस्तूंच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून त्या जागी युद्धात मेलेल्या माणसांविषयीच्या चिठ्ठ्या लावल्या. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली. नोव्हेंबर २०२३मध्ये तिला सात वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट २०२४च्या कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या चार ओळींची ही किंमत.

अशा देशात लेवादा सेंटर ही संस्था दर महिन्याला सर्वेक्षण करते. लष्कराच्या कारवाईला पाठिंबा आहे का, असं विचारलं की साधारण चारातले तीन जण हो म्हणतात. त्याच सर्वेक्षणात कारवाई चालू ठेवावी की वाटाघाटी कराव्यात, असं विचारलं की अनेकदा निम्म्याहून जास्त लोक वाटाघाटी म्हणतात. एकच माणूस दोन्ही उत्तरं देतो. पहिलं उत्तर गिनतीचं आहे. दुसऱ्यात त्याचं स्वतःचं थोडंसं काही असावं. म्हणून रशियन लोक युद्धखोर आहेत असं म्हणणं जितकं सोपं, तितकंच ते मनातून युद्धाविरुद्ध आहेत म्हणणंही सोपं. दोन्ही वाक्यं आपल्याला हवं ते ऐकण्याची आहेत.

आणखी एक गोष्ट तिथे दिसते. ही भाषा पाळीव राहत नाही. ईगोर गिरकीन हा युद्धाचा कट्टर पुरस्कर्ता. लढाई पुरेशी जोरात चालत नाही म्हणून तो पुतिनवरच तुटून पडू लागला. जुलै २०२३मध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्या जानेवारीत चार वर्षांची शिक्षा. ज्यांनी आवाज वाढवायला शिकवलं, त्यांनाच तो आवाज बंद करावा लागला.

आपल्याकडे

आपण रशिया नाही. हे स्पष्ट म्हणायला हवं. पुण्यात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला ऑपरेशन सिंदूरविषयीच्या एका इन्स्टाग्राम पोस्टवरून मे २०२५मध्ये अटक झाली. ती पोस्ट तिने काही तासांतच काढली होती आणि माफीही मागितली होती. कॉलेजनेही तिला काढून टाकलं. पण २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावून तिला जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली, परीक्षेला बसू दिलं. हा फरक लहान नाही. तरीही ज्या मुलींनी ही बातमी वाचली, त्यांपैकी किती जणींनी त्या दिवशी काही लिहिता लिहिता खोडलं असेल, हे कुठल्याच सर्वेक्षणात येणार नाही.

आपल्याकडे तोंड बंद करायला बहुतेक वेळा पोलीस लागत नाहीत. सोसायटीचा ग्रुप पुरतो. पहलगाममध्ये मारले गेलेले नौदलाचे लेफ्टनंट विनय नरवाल यांच्या पत्नीने, मुसलमान आणि काश्मिरी लोकांच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा, असं म्हटलं. आठवडाभर आधी जिचा फोटो सगळ्या देशाने डीपीला लावला होता, तिलाच लोकांनी शिव्या घातल्या. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. ती जाहीर करणाऱ्या परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यावर आणि त्यांच्या मुलीवर इतकी गरळ ओकली गेली की दुसऱ्या दिवशी त्यांना आपलं खातं बंदिस्त करावं लागलं. सरकारचा निर्णय वाचून दाखवणारा माणूस गद्दार ठरला. गिरकीनच्या गोष्टीतली पाळीव न राहणारी भाषा ती हीच.

भिंगारची गप्पगार घरं

त्या चार दिवसांत मी एक पाहिलं. आमच्या गल्लीत ज्या घरांतली माणसं खरोखर फौजेत आहेत, त्या घरांची स्टेटसं बहुतेक रिकामी होती. काकूंच्या डीपीला दत्ताचा फोटो होता आणि तो तसाच राहिला. निवृत्त सुभेदार काकांनी त्या आठवड्यात एकच मेसेज पाठवला, पाण्याचा टँकर कधी येणार आहे याचा.

या शांततेचं लगेच देऊळ बांधायला नको. तिच्यात शिस्त आहे. २०२०मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढायला लावली होती, आणि घरच्यांनाही काय टाकू नये याची सवय लागते. तिच्यात भीती आहे. आणि काकूंना युद्ध नको होतं असंही मी तुम्हाला सांगू शकत नाही. कदाचित त्यांना मी लिहिलं त्याहून जास्त काही हवं असेल. मी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. गप्प माणसाच्या तोंडी आपलं मत घालणं हीही एक प्रकारची गिनतीच.

माझं म्हणणं त्याहून साधं आहे. त्या चार दिवसांत ज्यांना बातमीची खरी गरज होती, त्यांच्यापर्यंत आम्ही आवाज पोचवला, बातमी नाही. मी हजेरी लावत होते. काकू तीच हजेरी बातमी म्हणून वाचत होत्या, डोंगर शोधत होत्या. एकाच व्हिडिओचे हे दोन वाचक. स्टेटसचं मूल्यमापन यांतल्या कोणत्या वाचकाच्या बाजूने करायचं? पाहिलेल्यांच्या यादीत दोघी सारख्याच दिसतात.

आमच्याकडे रणगाडा संग्रहालय आहे. जगभरातले जुने रणगाडे तिथे मांडलेत. पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटनही आहे आणि त्याच्यापुढे सेल्फी काढायला रांग असते. मीही काढलाय. लहानपणी सुभेदार काकांबरोबर गेले होते तेव्हा त्यांनी मला रणगाड्याचं वरचं झाकण दाखवून सांगितलं होतं, "आत बसलं की बाहेरचं जवळजवळ काही दिसत नाही, बाळा. एवढीशी फट असते. तिच्यातून बघायचं आणि ठरवायचं." मला तेव्हा कंटाळा आला होता.

काकूंच्या मुलाचा फोन ११ तारखेला आला. जेमतेम मिनिटभर. त्या सांगायला आल्या तेव्हा मी त्यांना बसवलं आणि तो व्हिडिओ खोटा होता, एका गेममधला होता, हे सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तिथं कुणीच नव्हतं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, काकू. कुणीच नव्हतं."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि विरजणाची वाटी ओट्यावर ठेवून गेल्या.